सरजाबाईचा इंग्रजी शब्द

चामोर्शी, बुधवार, पौष १९५५. संध्याकाळ.

दवाखान्यातून घरी आले तरी सरजाबाई डोक्यातून जात नाही. तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराची बायको. पाठभर काठीचे वळ, आणि तोंडात एकच, "त्याचा हात लागला बाई." इकडे नवऱ्याच्या माराला बायका मार म्हणतच नाहीत. हात लागला म्हणतात आणि पदर खांद्यावर ओढून घेतात.

डॉक्टरांनी पाठ पाहिली. मला म्हणाले, "सिस्टर, थ्रॅश केलंय हिला."

"काय म्हनले डाक्टर?" तिने विचारलं.

मी अर्थ सांगितला. बेदम मारणे, गुराला मारतात तसं.

वाटलं, आता रडेल. नाही रडली. मी मलम लावत होते तोवर तो शब्द तोंडात घोळवत राहिली. थ्रॅश. थ्रॅश. मग चांगला मोठ्याने म्हणाली.

"काऊन वं, पाठ करून राह्यली का?" मी विचारलं.

"शबद बरा हाये बाई. त्याच्यासमोर म्हनला तरी त्याले समजत नाई."

आणि हसली. पदर ओढायचा विसरली. स्वतःचं दुखणं सांगायला परकी भाषा लागावी? की परक्या भाषेतच ते सांगता येतं? मला ठरवता येत नाही.

मघाशी चुलीपाशी मीही तो शब्द म्हणून पाहिला. पदर खांद्यावर होताच. अगदी हळू म्हणाले. हे ओसरीवर बसले होते, आणि हे हायस्कुलात इंग्रजीच शिकवतात.