एकाच किल्लीचं कुलूप

८ ऑक्टोबर, सोमवार

चिमे,

तुला खूप आशीर्वाद, पोरांना पापे. आम्ही ठीक आहोत. ‘आम्ही’मध्ये कोण कोण मोडतं ते खाली वाचलंस की कळेल.

फोन करत नाही, कारण फोन सूनबाईच्या खोलीला लागून आहे आणि तिचे कान तुला माहीत आहेत. हे पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकणार. कोपऱ्यापर्यंत जाताना तीनदा थांबावं लागतं, पण थांबेन.

छातीचं काय सांगू? चाळीस वर्षं किल्ल्या घासल्या, पितळेची भुकटी गिळली, वर सिगारेटी ओढल्या. आता ऑक्सिजनचं मशीन दिवसाला पंधरा तास लावा म्हणतात. त्याचा काटा सूनबाई फिरवते, आणि ती तो मुद्दाम खाली ठेवते असा माझा दाट संशय आहे. नळीतून ऑक्सिजन येतो की नुसता आवाज, कोण जाणे. तिची पाठ वळली की मी नळी काढून ठेवतो. मी काय कच्च्या गुरूचा चेला आहे?

आता खरी गोष्ट. पुढच्या खोलीतल्या आपल्या दुकानात लोक जोडकिल्ली करायला किल्ल्या ठेवून जातात. त्या मी लाकडी पेटीत ठेवतो, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधून. गेल्या महिन्यात शिंपीणबाई आपली किल्ली घेऊन गेल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या. दार उघडेना. मी त्यांना दिली होती ती मागच्या गल्लीतल्या फोटोग्राफरच्या घराची! किल्लीवाल्याने एकाच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची, म्हणजे त्याने परत तोंड दाखवू नये. बाई ओरडल्यासुद्धा नाहीत. किल्ली हळूच टेबलावर ठेवली. त्याचाच जास्त राग आला.

चिठ्ठ्या कोणी बदलल्या? दुकान बंद पडलेलं कोणाला हवंय? “बाबा, पुरे झालं आता, आराम करा,” असं दिवसातून दहादा कोण म्हणतं? मी तिला तोंडावर विचारलं. तिने रडून दाखवलं. मुलगा बोटीवर कामाला, सहा महिने यायचा नाही. तोवर तू माहेरी जा, असं मी सांगितलं आहे. तिने बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

पण पुरावा हवा. म्हणून तिला आठ दिवस थांबवून घेतलं आणि पेटीला माझ्या हाताने बनवलेलं सात लिव्हरचं कुलूप लावलं. किल्ली एकच, तीही माझ्या कमरेला. बघूच.

हो, तिने मला डॉक्टरांकडे नेलं होतं, डोकं तपासायला म्हणून. विशेष काही नाही. घड्याळाचं चित्र काढा म्हणाले. मी काय बालवाडीत आहे?

तुझा
दादा

ता. क. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घराच्या नको. पत्ता एकच आहे, पण वर ‘दुकान’ असं लिही.


१९ ऑक्टोबर, शुक्रवार

चिमे,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पाकीट कोणी फोडलेलं नव्हतं, भिंग लावून बघितलं. “दादा, आधी नळी नीट लाव, मग भांड,” असं तू लिहिलंस. ते वाचून दोन दिवस मला तुझाही संशय होता. तुम्ही दोघी आतून एक आहात असं वाटलं. मनात ठेवत नाही, सांगून टाकतो.

मंगळवारी पेटी उघडली. फोटोग्राफरच्या किल्लीला शाळेच्या बाईंची चिठ्ठी, आणि बाईंच्या किल्लीला भलत्याचीच. मला आनंद झाला, चिमे! म्हटलं, सापडली. साबणावर ठसा घेऊन हिने किल्ली करवली असणार.

तिला हाक मारली, समोर उभं केलं आणि कुलूप खोलून सुटं केलं. ठशावरून केलेली किल्ली कधीच अगदी जशीच्या तशी बसत नाही. आतल्या लिव्हरच्या पट्ट्यांवर चरे उठतात. मी सातही पट्ट्या भिंगाखाली धरल्या. एकही चरा नव्हता. माझ्या किल्लीशिवाय त्या कुलपात दुसरं काही शिरलंच नव्हतं.

दुसऱ्या कोणाचं कुलूप असतं तर कच्चं आहे म्हटलं असतं. हे मी बनवलेलं होतं.

माझ्या हातातून पट्ट्या खाली पडल्या, त्या गोळा करायला ती बसली. वाकलं की मला धाप लागते हे तिला माहीत आहे.

मग डॉक्टरांकडे मीच चला म्हटलं. मागच्या वेळचं खरं ऐक. त्यांनी पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले होते, मला एकच आठवला. घड्याळाचे सगळे आकडे मी एकाच बाजूला काढले होते. ते म्हणाले, फुप्फुसं वर्षानुवर्षं अशी थकली की मेंदूलाही ऑक्सिजन कमी पडतो. सगळ्यांना नाही, पण काहींना विसर पडायला लागतो, लक्ष लागत नाही, कोणी संशयी होतं. नळी नेमाने लावून किती सुधारेल ते सांगता येत नाही. काढत राहिलो तर मात्र वाईटच. मशीनचा काटा त्यांनीच ठरवून दिला होता.

मला फार भीती वाटते, चिमे.

दुकान बंद केलं. लोकांच्या किल्ल्या मी आणि सूनबाईने घरोघर जाऊन दिल्या. प्रत्येक दाराला आधी लावून बघायची, मगच हातात द्यायची, असं तिनेच ठरवलं. घरी आल्यावर तिने विचारलं, “बाबा, मी जाऊ का राहू?” मी म्हटलं, राहा. राहिली आहे. बॅग अजून उघडलेली नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

आज सकाळपासून नळी लावून बसलोय, डोकं ठिकाणावर आहे, म्हणून आजच लिहून ठेवतो. पुढेमागे तुला माझं पत्र येईल, की सूनबाईने हे चोरलं, ते बदललं. अक्षर माझंच असेल. आणि मी अगदी पटेल असं लिहीन, तुला माहीत आहे मला. त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवू नकोस. मुलाला ते कळवू नकोस. हे आजचं पत्र काढ आणि मलाच पाठवून दे. मी चिडेन, हे मी लिहिलंच नाही म्हणेन, तुम्ही दोघींनी रचलंय म्हणेन. तरी पाठव.

आज तरी पुरता शुद्धीवर असलेला,
तुझा दादा