आप्पांचं 'झालंच'

मंगळवार, संध्याकाळ. वरवंड.

हसू आवरेना, म्हणून स्वयंपाकाच्या आधी हेच लिहून टाकते.

आमचे आप्पा, म्हणजे सासरे. पाण्याची मोटार जळाली की तिचं वायंडिंग, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळणं, यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण गिऱ्हाइकाचा फोन आला की एकच शब्द, "झालंच!" मोटार उघडलेलीसुद्धा नसते, तरी झालंच. मग माणूस टेम्पो घेऊन दुकानात येतो आणि शिव्या मी खाते. त्याचं तरी काय चुकलं? तिकडं ऊस वाळतोय. अशानं चांगली गिऱ्हाइकं दौंडच्या दुकानात जायला लागली.

म्हणून मागच्या आठवड्यात जुनी लुगडी फाडली. न उघडलेल्या मोटारीला लाल चिंधी, काम चालू असेल तर पिवळी, तयार झाली की हिरवी. आप्पा म्हणाले, "दुकान हाय का नवसाचं झाड?"

मीही बोलून गेले, "झाड तरी नवसाला पावतं, आप्पा. आपण कुठं पावतो?"

जास्त झालं का माझं? दोन दिवस घुश्शात होते. चिंध्यांकडं बघायलाही तयार नव्हते.

आज कुरकुंभहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. हात तेलकट म्हणून आप्पांनी स्पीकर लावला. आता येणार 'झालंच', मी मनात म्हटलं. पण त्यांनी मान वळवून त्याच्या मोटारीची चिंधी बघितली. पिवळी होती.

"न्हाई झालं अजून. उद्या दुपारी या."

पलीकडून काळजीचा आवाज आला,

"आप्पा, तब्येत बरी हाय न्हवं?"