थोरल्याच्या दाराला रबरी पट्ट्या

तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. मामींनाही सांगावा, आणि त्यांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का तेही कळवावं. आम्ही सगळे बरे आहोत. माझी हत्यारं मात्र बरी नाहीत.

तुमचं लाकूड कातायचं लेथ मशीन, ज्याचं गॅरेज कोरडं त्याला देणार, असं तुम्ही मला आणि मावशीच्या थोरल्याला कळवलंत, तेव्हापासून मला झोप नाही. थोरल्याच्या गॅरेजात सुतळीसुद्धा कुरकुरीत राहते. लहानपणी आम्ही दोघं एकाच नळाखाली भिजायचो, तरी सर्दी मलाच व्हायची आणि मावशी म्हणायची, "शीक काहीतरी त्याच्याकडून." (सर्दी न होणं कसं शिकायचं, हे तिने सांगितलं नाही.) मी माझ्या दाराच्या सगळ्या फटी रबरी पट्ट्या चिकटवून बुजवल्या, मुंगी आत येणार नाही अशा, आणि गॅसची शेगडी पेटवून बसलो. आतली हवा तापली आणि छपराच्या गार पत्र्याला घाम फुटला. तो थेंब थेंब माझ्या रंध्यावर पडायला लागला. रंधा पुसून पटाशीकडे वळावं, तोवर करवत तांबूस. शेवटी करवतीवर छत्री धरून उभा राहिलो. नेमका तेव्हाच थोरला आला आणि म्हणाला, "आत पाऊस आहे होय? बाहेर तर ऊन आहे."

त्याच्याकडे कोरडं कसं राहतं ते बघायला मी चहाच्या निमित्ताने गेलो. त्याचं दार इतकं वाकडं, की खालून मांजर शेपटी उभी ठेवून ये-जा करतं. तिथे बसल्या बसल्या मानेला वारा लागला आणि मला उलगडा झाला. ओल वाऱ्याबरोबर निघून जाते. मी तीच कोंडून ठेवत होतो, वर शेगडी लावून वाढवत होतो. घरी येऊन पट्ट्या सोलून काढल्या. दुसऱ्या कोणी त्या फेकल्या असत्या. मी नीट गुंडाळून थोरल्याला भेट दिल्या, स्वतः चिकटवून दिल्या, वर शेगडीही दिली, त्याला थंडी वाजू नये म्हणून. (खरं लिहितो, त्याला थंडी वाजत नव्हती.) त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो अजून बोचतो.

आता माझ्याकडे काडी पहिल्याच ओढीला पेटते आणि घाम त्याच्या पत्र्याला आहे. तेव्हा काय ते तुम्हीच ठरवावं. मी काही मागत नाही.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं आहे. मशीन माझ्या दारातून आडवं आत जातं, मोजून पाहिलं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच मावशी आली. थोरल्याने तुम्हाला कालच पत्र टाकलंय म्हणे, की त्याच्याकडे ओल आली, मशीन मला द्यावं, माझा जीव आहे त्यात. मावशी डोळे पुसत म्हणाली, "याला म्हणतात मन." म्हणजे मशीन मला आणि मोठेपणा पुन्हा त्यालाच. हे मला सोसणार नाही. मशीन त्यालाच द्या, आणि मीच तसं लिहिलंय हे मावशी तुमच्याकडे येईल तेव्हा तिला मोठ्याने वाचून दाखवा (पट्ट्यांचा मजकूर वगळावा). त्याच्या दाराच्या पट्ट्या मी उद्या जाऊन काढून आणतो. मशीनने कोणाचं काय वाईट केलंय?