फक्त फ्लशचं पाणी

सूनबाई,

वाचनालयात जातो आहे. हे समोर बसून बोलायला हवं होतं, पण काल जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मीठच मागितलं.

सोसायटीत शुद्ध केलेलं सांडपाणी घरात नको, असं तुझं म्हणणं. टँकरचं पाणी परवडत नाही, असं आमच्या चिरंजीवांचं. म्हणून ती जोडणी मी फक्त माझ्या बाथरूमला घेतली. वाटलं, साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. पण तेव्हापासून ठकी सकाळी माझ्याकडे दात घासायला येत नाही. तिचा ब्रशही तुमच्याकडे गेला. काल दारातूनच म्हणाली, "आजोबा, तुमचं पाणी गटाराचं आहे ना? आई रागावेल." मी "बरं बाई" म्हणालो आणि एकट्यानेच चूळ भरली.

अगं, ते पाणी फक्त फ्लशला येतं. बेसिनचा नळ पूर्वीचाच आहे, तुमच्याकडे येतं तेच पाणी. प्लंबरने मला हे दाखवलं तेव्हा तू ऑफिसात होतीस. नंतर विषय काढायचा मला धीर झाला नाही. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, त्यालाच बोलावून विचार.

तरीही तुझं मन घेत नसेल, तर जोडणी काढून टाकू. टँकरला जास्त पैसे जातील, जाऊ देत. सकाळी आरशात फेसाने माखलेली दोन तोंडं बघायची मला सवय झाली आहे.

बाबा