एका घरातलं अंतर

६ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तू आणि धाकटी आजी ऐन गणवेशांच्या हंगामात शिवण थांबवून दोन दुपारी माझ्यासमोर बसलात. आभार मानले तर ओरडशील, म्हणून मानत नाही. माझं काम तुझ्या शब्दांत सांगायचं तर माणसांची तोंडं मोजणं. प्रत्येक गावात एकाच घरात वाढलेली दोन माणसं घ्यायची, दोघांकडून तीच शंभर वाक्यं म्हणवून घ्यायची. त्यांच्या बोलण्यात किती अंतर पडतं, ते संगणक आकड्यात सांगतो. एका घरातलं अंतर सगळ्यांत कमी असतं. ती माझी फूटपट्टी. तिच्यावरून गावागावांतली अंतरं मोजून नकाशा काढायचा.

पण तुम्हा बहिणींचा आकडा भलताच आला. धाकट्या आजीचं बोलणं आपल्या गावाशी जुळलं, तुझं मात्र नदीपलीकडच्या डोंगरातल्या तीन गावांना जाऊन चिकटलं. त्यांतलं नेमकं कोणतं, ते अजून मोजायचंय. मला वाटलं, टेपवरच्या चिठ्ठ्याच माझ्याकडून बदलल्या. तू फोन घेत नाहीस, म्हणून धाकट्या आजीला विचारलं, की आजी लहानपणी दुसरीकडे वाढली होती का. आधी ती हसली. मग तिनं आकडा दोनदा विचारला आणि फोन ठेवून दिला. माझं काही चुकलं का?

रागावलीस तरी लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझी नात


११ जून

चि. शहाणीस,

आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून देते. फोन घेत नाही आणि घेणारही नाही. तुझ्या कानावर काही घालावं, तर ते आकडा होऊन बाहेर पडतं. कागद निदान गप्प बसतो.

माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तरणीच्या दयेनं. तुझी कुठवर गेली, ते तुझ्या आईलाही सांगता येत नाही. तरी एवढं मला कळतं, की ज्याचं दुखणं त्याला विचारावं. तू दार सोडून खिडकीतून शिरलीस.

आता ऐक. मी या घरात जन्मले नाही. माझी आई इथं बांधकामावर विटा वाहायची. ती तापानं गेली, तेव्हा मी सात वर्षांची. मुकादमानं मला धाकटीच्या आईच्या ओट्यावर आणून बसवलं, दोन दिवसांत नेतो म्हणाला. तो अजून यायचाय. धाकटी तेव्हा पाळण्यात होती. तिसऱ्या दिवशी माझी वेणी घालता घालता ती बाई म्हणाली, की आजपासून तू या घरची थोरली, आणि धाकटीला हे कधी कळू द्यायचं नाही.

चौसष्ट वर्षं मी हे पोटात ठेवलं. धाकटीनं विचारलं, तेव्हाही खोटंच बोलणार होते, पण तोंड उघडायचीच भीती वाटली. तुझ्या यंत्रानं माझं तोंडच माझ्यावर उलटवलं. शेवटी खरं काय ते सांगून टाकलं.

तिनं शिलाई मशीन वरच्या खोलीत नेली. चार माणसं लागली. मी कापलेल्या सदऱ्यांचे गठ्ठे जिन्याच्या पायरीवर ठेवते. माझी पाठ वळली की ती येऊन उचलते. आमच्यात बोलायला आता शेजारीण लागते, आणि शेजारणीला तर पर्वणीच.

लोभाचं काय ते तुझ्या यंत्राकडे माग.

आजी


१७ जून

ती. आजीस,
सा. न.

काल तुम्हा दोघींच्या टेप पुसून टाकल्या, प्रतसुद्धा ठेवली नाही. नकाशावरून तुमचा ठिपका काढला. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, वर्षभराचं काम लंगडं झालं. होऊ दे. आता कुणालाच काही सापडणार नाही. धाकट्या आजीला सांग, की यंत्रच चुकलं होतं.

जमलं तर माया ठेव.

तुझी नात


२५ जून

चि. शहाणीस,
(शहाणपण यायचंय अजून.)

काल धाकटी खाली आली. म्हणाली, रक्ताचं काय घेऊन बसलीस, पण आईनं आणि तू मिळून मला वेड्यात काढलंत, आणि मला ते कळलं एका पोरीच्या फोनवरून. मी म्हटलं, आईला शब्द दिला होता. ती म्हणाली, आईला जाऊन वीस वर्षं झाली, ती वीस तरी तुझी एकटीची. मी सदऱ्याची काजं मोजत बसले. ही वेळ तू आणलीस.

मग तिनं विचारलं, मी कुठली. मला काय ठाऊक? डोंगर आठवतो, आणि डोंगर कुठंही असतात. ती म्हणाली, त्या पोरीला लिही, त्या तीन गावांतलं कोणतं ते मोजून सांग म्हणावं. हे मायेपोटी म्हणाली, की हाकलायला पत्ता हवाय म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

आणि तुझं पत्र येतं, की सगळं पुसलं. मोजलंस ते धाकटीला सांगितलंस, पुसलंस ते तुझ्या बाईंना. दोन्ही वेळा मी कुठं होते? यंत्र चुकलं, असं मी सांगणार नाही. घरात खोटं बोलणारी एक पुरे झाली.

रविवारी ये, यंत्र घेऊन. पुन्हा शंभर वाक्यं म्हणेन, धाकटी समोर बसेल. जे निघेल ते आधी मला सांगायचं; तिला मी सांगेन. माफ केलं असं समजून येऊ नकोस. जेवून ये.

आजी