बसमधली कुजबुज

स्टुटगार्ट, १९ मे २०१४

तीर्थरूप आईस देवदत्तचा स्टुटगार्टहून साष्टांग नमस्कार.

फोन स्पीकरवर असतो आणि ऊर्मिला शेजारीच असते, म्हणून हे मुद्दाम पत्र. आम्ही दोघं मजेत आहोत. माझा खोकलाही जवळजवळ गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

शनिवारी बसच्या सहलीने जुनी गावं बघायला गेलो होतो. आधी रोटेनबर्ग. गावाभोवतीची तटबंदी अजून शाबूत आहे, बाबांना फार आवडली असती. बसमधला गाइड मात्र सगळं जर्मनमध्येच सांगत होता. माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्यामुळे चार वर्षांत माझी मजल 'या' म्हणजे हो आणि 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर, एवढ्या दोन शब्दांच्या पुढे गेलेली नाही. ऊर्मिला माझ्या कानात हळूच मराठीत सांगत होती. गाइडने माईकवरूनच दरडावलं, "मागे कोण बोलतंय?"

ऊर्मिला उभी राहिली आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली (अर्थ मला तिनेच नंतर सांगितला), "माझ्या नवऱ्याला जर्मन येत नाही. त्याला समजावून सांगतेय."

अख्खी बस वळून माझ्याकडे बघायला लागली! लाज वाटायला हवी होती, पण माझी छातीच फुगली.

पुढे डिंकेल्सब्यूलमध्ये गाइड दर दोन वाक्यांनंतर थांबायचा आणि ऊर्मिलाला म्हणायचा, "आता नवरोबांसाठी!" तिचं मराठी संपेपर्यंत सगळी जर्मन मंडळी चौकात गप्प उभी.

आई, 'दिवसभर घरी बसून ती करते तरी काय?' असं तू दर फोनला विचारतेस. ते तिला ऐकू जातं. हे जर्मन ती घरी बसूनच शिकली.

पुढच्या फोनला मला नको, तिलाच बोलावून घे. रोटेनबर्गच्या तटबंदीची गोष्ट ती मराठीतही फार सुंदर सांगते.

तुझा,
देवदत्त