कॉम्प्युटर विसरत नाही

१ जानेवारी १९९७, बारामती
माझ्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला. संकल्प: वर्षअखेर एकाही पेशंटची माहिती कागदावर राहणार नाही. मी विसरते, कॉम्प्युटर विसरत नाही. कंपाउंडर बिरदेवने मॉनिटरला हळदकुंकू लावून नारळ फोडला. पाणी की-बोर्डवर. दोन बटणं चिकटतात. शुभशकुन मानला.

९ जानेवारी
धूळ चालत नाही, म्हणून चपला बाहेर. परिणाम असा की लोक आत येताना हात जोडतात. डाळजचे सावळारामतात्या मॉनिटरला म्हणाले, ‘‘द्येवा, गुडगं दुकायचं कदी ऱ्हायाचं?’’ मी समजावलं, तो फक्त माहिती साठवतो. तात्या म्हणाले, ‘‘मंग कपाट घ्यायचं की, बाई.’’
जागृतीला वेळ लागतो.

२२ जानेवारी
जन्मतारीख सक्तीची आहे. सगळे एक जूनला जन्मलेले. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. जे शाळेत गेलेच नाहीत, त्यांना बिरदेवने टाकली. बारामती-इंदापूरकडे एका दिवसात इतकी बाळंतपणं झाली आणि कुणाला पत्ता नाही!
तारीख महत्त्वाची नसते. शिस्त महत्त्वाची.

१४ फेब्रुवारी
जुने सगळे केसपेपर भरून झाले. मला सर्वांत अभिमान वाटतो तो लाल अक्षरांचा. पेनिसिलिन ज्याला सोसत नाही, त्याचं नाव टाकलं की पडदाभर लाल. आजवर प्रत्येकाला विचारत होते, ‘‘पूर्वी कुठल्या इंजेक्शनने त्रास झाला होता का?’’ मग कातडीखाली औषधाचा थेंब टाकून पुरळ उठतं का, याची वाट पाहायची. किती वेळ जायचा. आता ते सगळं बंद.

५ मार्च, दुपारी
बिरदेव मध्येच म्हणाला, ‘‘बाई, पेशंट हिकडं बसलाय.’’ मला माहीत होतं. टायपिंगचा हात बसला की पेशंटकडे बघणंही जमेल. तोवर कानाने ऐकतेच आहे.

१८ मार्च, संध्याकाळी
इंदापूरकडच्या प्रयागबाई नव्या सुनेला घेऊन आल्या. स्वरूपा. ताप, घसा सुजलेला. नाव टाकलं. ‘नोंद नाही.’ नोंद नाही म्हणजे त्रास नाही. पेनिसिलिन भरलं.
पोरीने दंड पदराखाली ओढून घेतला. सासूकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, ‘‘बाई, मला वळखलं न्हाय व्हय? मी मोरगावची रतन.’’
रतन टाकलं. पडदाभर लाल.
तीन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच औषधाने तिचा श्वास अडकला होता. अख्खी दुपार मी तिचं मनगट धरून बसले होते. लग्नात नाव बदललं. कॉम्प्युटरला रतन ठाऊक होती, स्वरूपा नाही. मी समोरच्या पोरीकडे पाहिलंच नव्हतं.
प्रयागबाई कडाडल्या, ‘‘सोयरीक करताना ह्ये कोण बोललं न्हाय! आजारी पोर गळ्यात मारली आमच्या!’’ पोरीचा चेहरा पार उतरला. मी म्हटलं, हा आजार नव्हे, एक औषध सोसत नाही इतकंच. आणि तिने तोंड उघडलं म्हणून आज घरी चालली आहे. दुसरं औषध दिलं. जाताना प्रयागबाई सुनेसाठी न थांबता पुढे चालत गेल्या.
बिरदेवला मी सांगितलं, चूक कॉम्प्युटरची आहे. त्याने ‘व्हय’ म्हटलं. इतक्या पटकन म्हणायला नको होतं.

२० मार्च
चूक कॉम्प्युटरची नाही. चूक रकान्यांची. कॉम्प्युटर बसवणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन करून बायकांसाठी नवा रकाना घालून घेतला: ‘माहेरचं नाव’. सक्तीचा. भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सासरचं आणि माहेरचं एकच टाकलं तर मशीन घेत नाही. ही सूचना माझी. आता फट उरली नाही.

२ एप्रिल
प्रयागबाई एकट्याच आल्या, बीपी तपासायला. बसायच्या आधी म्हणाल्या, ‘‘सुनेचं लिवलंय का नीट? तिला कायतरी व्हायचं, आन् ऱ्हायचं लिवायचं.’’ दाखवलं. लाल अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, पण बराच वेळ पाहत राहिल्या.
मग त्यांचं माहेरचं नाव विचारलं.
‘‘त्येचं काय काम?’’
काम समजावलं. त्यांनी पदर सारखा केला. ‘‘नकोशी. तिसरी लेक म्हनून. सासऱ्यानं प्रयाग ठिवलं, तवापास्नं कुनी त्या नावानं हाक मारली न्हाय. बाई, तेवडं नगा लिवू त्यात.’’
रकाना रिकामा ठेवला. मशीन पुढे जाईना. रेघ मारली. जाईना. प्रयागच पुन्हा टाकलं. माझ्याच सूचनेनुसार जाईना. बाहेर लोक खोळंबलेले. त्या माझ्या बोटांकडे बघत अंग चोरून बसलेल्या.
शेवटी कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि दंडाला पट्टा गुंडाळला.
बीपी बरंच वाढलेलं निघालं. म्हणाल्या, ‘‘आले तवा बरी व्हते.’’